हॉक्सबी खुर्दचे व्याही

आमचे व्याही वॉल्टर थ्रप कोणाला भेटले की 'कसे आहात?' असं विचारत नाहीत. 'तुमच्या आजीचं नाव काय?' असं विचारतात. किराणा दुकानात गल्ल्यावर बसलेल्या मुलीला विचारतात. बसच्या ड्रायव्हरला उतरता उतरता विचारतात. दातांच्या डॉक्टरला, स्वतःच्या तोंडात दोन नळ्या असताना विचारतात, आणि डॉक्टरला ते कळतंही, कारण तो दर सहा महिन्यांनी तेच ऐकतो.

मला त्यांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला. अनघाचं पीटरशी लग्न ठरलं आणि मी पुण्याहून इथे कॅनडात, किचनरला आले, तेव्हाची गोष्ट. मुलाचे वडील इंग्रज आहेत म्हटल्यावर मी तयारीनिशी आले होते. विमानात बसल्या बसल्या हवामानावर तीन वाक्यं, प्रवासावर दोन आणि 'आमच्या मुलीला सांभाळून घ्या' याचं नीटसं इंग्रजी एक, अशी मनात जुळवून ठेवली होती. वॉल्टरनी माझा हात हातात घेतला, हवामानाला संधीच दिली नाही, आणि विचारलं, "मिसेस साठे, तुमच्या आजीचं नाव काय?"

"आम्ही तिला बयो म्हणायचो," मी म्हटलं.

"ते तुम्ही म्हणायचात. तिचं नाव काय होतं?"

बाळांनो, मी एम.ए. आहे, तेही इंग्रजी घेऊन. इंग्लंडच्या राजांची नावं मला क्रमाने येतात. आठव्या हेन्रीच्या सहाही बायकांची येतात. स्वतःच्या आजीचं नाव येईना.

वॉल्टरनी एक्स-रे बघून डॉक्टर हलवतात तशी मान हलवली. "वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "बहुतेकांना येत नाही."

अद्वैत, रमा, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून बर्फाचं फावडं घेऊन गेलेले, कॅमेऱ्यात डोकावून तुम्हाला काहीतरी विचारणारे लोकरी टोपीतले उंच आजोबा ते हेच. नेमका तेव्हाच फोन बंद पडला. त्यांनी काय विचारलं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पुढच्या वेळेला उत्तर तयार ठेवा. ते वाटतं तितकं सोपं नाही, ते पुढे सांगतेच.

वॉल्टर जन्माने इंग्लंडचे. लिंकनशायर परगण्यातलं नेदर हॉक्सबी हे त्यांचं गाव. नेदर म्हणजे खालचं. वर टेकाडावर अपर हॉक्सबी आहे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतं तसंच, म्हणून मी मनातल्या मनात त्याला हॉक्सबी खुर्द म्हणते. एक चर्च, मूठभर घरं, एक ओढा आणि बाकी सगळ्या मेंढ्या. त्या एका चर्चच्या हद्दीत येणारं गाव, वाड्या आणि शेतं मिळून जो टापू होतो त्याला तिकडे पॅरिश म्हणतात. त्या टापूतल्या माणसांचं बारसं, लग्न आणि मरण चर्चच्या दप्तरात लिहिलं जायचं. वॉल्टर विशीत कॅनडात आले, टायरच्या कारखान्यात जन्म काढला. बायको इथली, मुलगा इथला, पेन्शन इथली. पण हे सगळं शरीराने. मनाने ते खुर्दची वेस ओलांडून कधी बाहेर पडलेच नाहीत.

बुद्रुकची माणसं त्यांना आवडत नाहीत. अपर हॉक्सबीवाल्यांनी म्हणे ओढ्याचं पाणी वळवलं होतं.

"कधी?" मी विचारलं.

"झाली असतील तीनशे वर्षं," असं म्हणताना त्यांचे कान रागाने लाल झाले.

आता माझंही सांगते. पुण्यात मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. इंग्रजी खेडं म्हणजे काय हे मला तिथे न जाता पक्कं माहीत होतं: गुलाबाच्या वेली, चहा, दयाळू पाद्रीबाबा आणि हलकासा पाऊस. वॉल्टरना भेटल्यावर वर्षभरात या खेड्याची वाट लागली. गुलाबाच्या जागी मेंढ्यांच्या खुरांचे रोग आले. पाद्रीबाबा कर्जबाजारी निघाले. चहा तर गावात कोणाला परवडतच नव्हता.

एकदा मी त्यांचं इंग्रजीही सुधारायला गेले. 'त्या दिवसांत' म्हणायला ते नेहमी 'देम डेज' म्हणतात. पस्तीस वर्षांची सवय; माझ्या तोंडून निघून गेलं, "दोज डेज, मिस्टर थ्रप."

ते शांतपणे म्हणाले, "आमच्या पॅरिशमध्ये 'देम डेज' म्हणतात, मिसेस साठे. व्याकरण तिकडे उशिरा पोचलं."

एका इंग्रजाला इंग्रजी शिकवणारी बाई म्हणून अनघा अजून मला चिडवते.

पण सगळ्यात मोठी फजिती हॅना पेलची. लीलाच्या वेळेला अनघाच्या मदतीसाठी म्हणून मी इथे आले आणि मग राहिलेच, त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. लीला म्हणजे तुमची छोटी आतेबहीण. वॉल्टर सकाळी आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढायला आले आणि काम झाल्यावर स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन खिन्न बसून राहिले. "बिचारी हॅना पेल," ते म्हणाले. "नवरा गेला. पाच लेकरं. आणि आता घरमालक घर रिकामं करायला सांगतोय." मला गलबलून आलं. ते गेल्यावर मी लीलाचे लहान झालेले स्वेटर धुऊन घड्या घातल्या, डिंकाच्या लाडवांचा डबा भरला, आणि संध्याकाळी अनघा ऑफिसमधून आल्यावर म्हटलं, "अगं, तुझ्या सासऱ्यांच्या ओळखीच्या एक बाई फार अडचणीत आहेत. गाडीने जाऊन देऊन येऊ या."

"कोण बाई?"

"हॅना पेल."

अनघा बूट काढता काढता तशीच खाली बसली. "आई! हॅना पेलला जाऊन दोनशे वर्षं झाली! शी इज फ्रॉम द रजिस्टर!"

लाडू पीटरने खाल्ले.

वॉल्टर असेच बोलतात. मेलेल्या माणसांबद्दल वर्तमानकाळात. जिवंत माणसांबद्दल मात्र जरा साशंक. कारण त्यांचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे 'नॉट प्रूव्हन', सिद्ध झालेलं नाही. उद्या बर्फ पडणार आहे म्हटलं की 'नॉट प्रूव्हन'. हळद सांध्यांना चांगली म्हटलं की 'नॉट प्रूव्हन'. लीला हसली की आजोबांसारखी दिसते असं मी व्याह्यांना खूश करायला एकदा म्हटलं, तर बाळाकडे निरखून बघून म्हणाले, "नॉट प्रूव्हन."

त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये एका भिंतीवर, वरून खालपर्यंत, कागद जोडून जोडून खुर्दमधल्या घराण्यांचे वंशवृक्ष लावले आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, नुसता पोरखेळ. मग लक्षात आलं की या माणसाला राजे नकोत, जमीनदार नकोत, लढाया नकोत. त्याला फक्त बायका हव्या आहेत. म्हणजे त्यांची नावं. जुन्या काळी दप्तर लिहिणारा पुरुषाचं नाव लिहायचा, आणि बाई मेली की नुसतं 'जॉन अमुकची बायको' असं लिहून मोकळा व्हायचा. वॉल्टर या बायकांना शोधत बसतात. कुठे लग्नाची नोंद, कुठे कोणाचं मृत्युपत्र, कुठे शेजारणीने केलेली कोर्टातली तक्रार. नाव सापडलं की भिंतीवर लाल शाईने लिहितात आणि त्या दिवशी स्वतःला पुडिंग करतात.

दोन वर्षांपूर्वी खुर्दच्या लोकांनी ठरवलं की पॅरिशच्या घराण्यांचं एक छोटं पुस्तक छापायचं. थ्रप घराण्याचं पान वॉल्टरकडे आलं. पान जवळजवळ तयार होतं. अडलं होतं ते अगदी पहिल्या ओळीला. सगळ्या थ्रपांचा मूळपुरुष रॉबर्ट. आणि त्याच्या खाली दप्तरात, जिच्यापासून हे सगळे झाले तिच्याबद्दल एवढंच: रॉबर्ट थ्रपची बायको, पुरली.

"हिचं नाव मिळाल्याशिवाय पान जाणार नाही," वॉल्टरनी जाहीर केलं. इंग्लंडहून पुस्तकाच्या सेक्रेटरीबाईंची ईमेल आली: प्रिय वॉल्टर, नुसतं 'बायको' लिहिलं तरी चालेल. आठवडाभर वॉल्टर कोणाशी बोलले नाहीत. आमचा ड्राइव्हवे मात्र त्या आठवड्यात इतका साफ झाला की खालचं डांबर निघालं.

पानाच्या शेवटच्या ओळीला लीला यायची होती, आणि वॉल्टरच्या नियमाप्रमाणे दोन्हीकडची माणसं हवीत. म्हणून त्यांनी माझ्याकडे आमच्या घराण्याचे कागद मागितले. मला कोणी कागद मागितले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. तुमचे बाबा सांगतील, माझ्या मसाल्यांच्या बरण्यांवर तारखा असतात. मी एक फाइल केली. निळा कप्पा लेले, म्हणजे माझं माहेर. पिवळा कप्पा साठे, म्हणजे सासर. निळ्यात माहेरचे कागद, शाळेची बक्षिसं, लग्नाची पत्रिका. पिवळ्यात सासरचे कागद, तुमच्या बाबांचा जन्मदाखला, पासपोर्ट. अनघाने ऑफिसला जायच्या घाईत त्यांना मराठी कागद भराभर वाचून दाखवले. इतकी सुबक फाइल मिस्टर थ्रपांनी जन्मात पाहिली नसेल, असं मी स्वतःशीच म्हटलं.

दिवाळीनंतर काही आठवड्यांनी, एका दुपारी वॉल्टर आले. टाय लावून. हातात लिंबाचा केक. फावडं नव्हतं.

कप खाली ठेवून ते म्हणाले, "मिसेस साठे, एक नाजूक गोष्ट आहे. तुम्हाला त्रास होणार असेल तर नाही बोललात तरी चालेल. तुमच्या मिस्टरांच्या पहिल्या पत्नीबद्दल."

"कोणाच्या?"

"मिस्टर साठ्यांच्या. पहिल्या."

माझा चेहरा बघून त्यांचा उतरला. "अरेरे," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." आणि टोपी विसरून निघून गेले. केक तिथेच राहिला.

पुढचे दोन दिवस माझे कसे गेले ते मी तुम्हाला सांगू नये, पण सांगते. तुमच्या आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली. रोज सकाळी मी त्यांच्या फोटोला उदबत्ती लावते. दोन दिवस लावली नाही. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. बँकेच्या ऑडिटसाठी ते वर्षातून दोनदा नागपूरला जायचे. दोनदा! एकदा का नाही? मी सुशिक्षित बाई, मुलींना पुरावा पाहून मत बनवा असं शिकवत आलेली. आणि एका माणसाने टाय लावून एक वाक्य म्हटल्याबरोबर नागपूरची सगळी संत्री मला कडू लागायला लागली. केकही मी रागाने सगळा संपवला.

तिसऱ्या दिवशी पुण्याला वन्संना फोन लावला. म्हणजे तुमच्या आत्याआजीला.

"वन्सं, खरं सांगा. ह्यांचं माझ्याआधी लग्न झालं होतं का?"

पलीकडून काही वेळ नुसती कुकरची शिट्टी ऐकू आली.

"शैला, तुला बरं आहे ना? ताप-बिप आहे का?"

"विषय बदलू नका."

"अगं, तुझ्याआधी श्रीधरला चार मुलींनी नकार दिला होता. चौथीने तर पोहे देता देताच. दुसरं लग्न करायला त्याला आधी पहिलं जमायला नको?"

"वर्षातून दोनदा नागपूरला जायचे."

"ऑडिटला जायचा! आणि संत्री आणायचा. असल्या भानगडी करणारा माणूस करंडी डोक्यावर घेऊन जिना चढून येतो का गं? काय ती थंडी तुझ्या डोक्यात गेलीय. कान बांधून बस."

यात तथ्य होतं. मी कान बांधले, बर्फातले बूट चढवले, आणि पुरावा बघायला वॉल्टरकडे गेले.

बेसमेंटच्या भिंतीवर खालच्या कोपऱ्यात आमचं घराणं नव्याने चिकटवलं होतं. श्रीधर साठे. त्यांच्यापासून दोन रेघा. एका रेघेच्या टोकाला वत्सला लेले. दुसरीच्या टोकाला शैलजा. वत्सलाच्या खाली पेन्सिलीने: मृत्यू, लग्नानंतर लवकरच? नोंद सापडत नाही.

"पत्रिकेवर वत्सला आहे," वॉल्टर दबक्या आवाजात समजावू लागले. "आणि दीड वर्षाने मुलगा झाला त्या दाखल्यावर आई शैलजा. त्यांनी फार लवकर दुसरं लग्न केलं. मी दोष देत नाही. आमच्या पॅरिशमध्येही घरात गाईचं दूध काढायला कोणी नसलं की लोक महिन्याभरात—"

"मिस्टर थ्रप," मी म्हटलं, "ही बाई मेलेली नाही."

"नॉट प्रूव्हन," ते सवयीने म्हणाले.

"ही मी आहे."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. माझं माहेरचं नाव वत्सला. सासूबाईंचंही वत्सला. एका घरात दोन वत्सला कशा चालतील, म्हणून लग्नात माझं नाव शैलजा ठेवलं. आमच्यात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मग पेढे वाटतात. त्या दिवसापासून ती बाई शैलजा.

"आणि ते तांदूळ?" वॉल्टरनी विचारलं.

"ते काय, परत डब्यात गेले. पुढे कधीतरी भात झाला असेल."

वॉल्टर खुर्चीत बसले. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "मूळ नोंद तुम्ही शिजवून खाल्लीत."

मी हसत सुटले. फाइलचे निळे-पिवळे कप्पे आठवून तर आणखीच. एका बाईचे इतके व्यवस्थित दोन तुकडे कोणी केले नसतील. आणि केले होते मीच, वर लेबल लावून. वॉल्टर मात्र हसले नाहीत. ते अस्वस्थ होऊन हातातली पेन्सिल फिरवत राहिले.

"अजून एक सांगायला हवं," ते म्हणाले. "नोव्हेंबरमध्ये आमच्या चर्चमध्ये गेलेल्या माणसांची नावं वाचतात, त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. मी वत्सलाचं नाव दिलं होतं. मला वाटलं, इतक्या लवकर गेलेली मुलगी. तिची आठवण काढणारं कोण उरलं असेल? आणि तुम्हाला विचारणं बरं दिसलं नसतं."

ती दिवाळीच्या सुमाराची संध्याकाळ मी आठवून बघितली. मी चकल्या तळत होते. तिकडे माझ्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून अख्खं चर्च उभं होतं. आणि खरंच सांगते, त्या वर्षी माझी एकही चकली तुटली नव्हती.

घरी येऊन मी फोटो सरळ केला. उदबत्त्या तीन लावल्या, मागची बाकी धरून.

हिवाळाभर रॉबर्टच्या बायकोचा शोध चालू राहिला. आता मीही त्यात पडले होते, कारण जिच्या स्वतःच्या नावाने प्रार्थना झाली आहे तिला असल्या कामातून अंग काढून घेता येत नाही. जुनं अक्षर वाचायला मला जमतं. दहावीच्या मुलींचे पेपर तपासलेल्या बाईला काहीही वाचता येतं. वॉल्टर कॉम्प्युटरवर जुन्या पानांचे फोटो मोठे करायचे आणि आम्ही दोघं भिंगं घेऊन बसायचो. मृत्युपत्रं झाली. शेजारच्या पॅरिशमधली लग्नं झाली. शेवटी वॉल्टरनी जे तीनशे वर्षांत कोणत्याही थ्रपने केलं नव्हतं ते केलं: बुद्रुकला पत्र लिहिलं. अपर हॉक्सबीच्या पाद्रीबाईंनी लगेच, फार प्रेमाने उत्तर दिलं. त्यांच्याकडेही काही नव्हतं.

मार्चमध्ये सेक्रेटरीबाईंनी कळवलं की सोमवारी सगळं छपाईला जातंय. आदल्या रविवारी दुपारी मी वॉल्टरच्या बेसमेंटमध्ये गेले. रस्त्याच्या कडेचे बर्फाचे ढीग काळे पडले होते. वॉल्टर पडद्यावरच्या पहिल्या ओळीकडे बघत बसले होते.

"आमच्याकडे अशा वेळी 'अज्ञात' लिहितात," मी म्हटलं.

"अज्ञात कशी? रॉबर्टला माहीत होतं. तिच्या मुलांना माहीत होतं." मग ते म्हणाले, "मला नेहमी वाटायचं, लिहिणाऱ्याने विचारलं नसेल. हल्ली वाटतं, विचारलंही असेल. रॉबर्टला सांगता आलं नसेल."

"असं कसं होईल?"

पडद्यावरची नजर न काढता त्यांनी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, पण मला ते मराठीतच आठवतं.

"पीटर झाला त्या दिवसापासून मी डोरीनला 'मदर' म्हणायला लागलो. पुष्कळ जण म्हणतात. पुढे तो मोठा झाला, घर सोडून गेला, तरी मी मदरच म्हणायचो. शेवटी ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा ग्लानीत असायची. नर्स म्हणाली, हाक मारत राहा, माणसं ओळखीच्या हाकेला ओ देतात. मी 'मदर' म्हटलं. तिने डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं. तिला वाटलं, तिची आई आलीय. नर्स म्हणाली, नावाने, मिस्टर थ्रप, नावाने हाक मारा. आणि मला ते तोंडातून काढता येईना. इतकी वर्षं वापरलंच नव्हतं. जीभच वळेना."

"मग?"

"मग नर्सने हाक मारली. डोरीनने तिला ओ दिली."

अशा वेळी काय बोलायचं याची इंग्रजी वाक्यं मी शाळेत फळ्यावर लिहून दिलेली आहेत. त्यांतलं एकही आठवलं नाही. तुमच्या आजोबांनी मला शैलजा म्हणून कितीदा हाक मारली हे मी मनात मोजायला गेले, आणि मोजणी फार लवकर संपली. 'अगं', 'ऐकलंस का', 'कुठे आहेस'. मीही 'अहो'च्या पुढे कधी गेले नाही.

वॉल्टरनी कीबोर्ड पुढे ओढला आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, टाइप केलं: रॉबर्ट थ्रपची बायको. तिचं नाव तिच्या घरच्यांना माहीत होतं.

मी वाचलं. सुधारण्यासारखं काही नव्हतं.

"आता एकदा तपासून घेऊ," मी म्हटलं, कारण काही न सुचलं की मी कामाला लागते. शाळेत प्रश्नपत्रिका तपासताना आमची एक पद्धत होती. एकीने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने छापलेल्या प्रतीवर पेन्सिलीने एकेका शब्दापुढे खूण करत जायची. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की चुका निसटतात. मी पान छापून घेतलं, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हटलं, "तुम्ही वाचा. एकही शब्द गाळायचा नाही."

वॉल्टर वाचू लागले. रॉबर्ट. रॉबर्टची बायको. मग विल्यम आणि अ‍ॅग्नेस, टॉमस आणि मेरी, दुसरा विल्यम आणि त्याची सुसान. त्यांचा आवाज संथ होता, देवळात पोथी वाचावी तसा. मी खुणा करत होते. पानाच्या मध्यावर आल्यावर मला खालची ओळ दिसली: वॉल्टर थ्रप, किचनर येथे विवाह, आणि त्यापुढचं नाव. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ही पद्धत काढून मी काय करून बसले आहे.

त्यांनी 'वॉल्टर थ्रप' वाचलं. 'किचनर येथे विवाह' वाचलं. आणि ते थांबले.

अडलेल्या मुलीला पुढचा शब्द पुरवायची मला इतक्या वर्षांची सवय आहे की तो माझ्या ओठांवर आला होता. मी ओठ मिटून घेतले आणि कागदाकडे बघत राहिले. वरच्या मजल्यावर हीटर सुरू झाला आणि थोड्या वेळाने बंद झाला. वॉल्टरनी घसा साफ केला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"डोरीन," ते म्हणाले.

मी नावापुढे खूण केली.

"पुढे," मी म्हटलं.